सारसाची झोप

सारसाचं स्वप्न पहिल्यांदा ऐकू आलं, तेव्हा यामिनी कटरे तलावाच्या पाळीवर उभी राहून दात घासत होती.

पौषातली सकाळ होती. बिजेटोल्याच्या तलावावर इतकं दाट धुकं उतरलं होतं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मागे, पाळीवरच्या दोन खोल्यांच्या केंद्रात, संगणक रात्रभराचे आकडे चघळत बसला होता. अचानक उघड्या दारातून एक आवाज बाहेर आला. लांब, घुमणारा, कडेला किंचित फाटलेला. कुणी पाण्याखाली उभं राहून तुतारी फुंकावी तसा. मग शांतता. पुन्हा तोच आवाज. पुन्हा शांतता.

यामिनीने धुक्यात निरखून पाहिलं. सारस नेहमीच्या जागी उभा होता. गुडघाभर पाण्यात, एका पायावर, लांब मान मागे वळवून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. तो गाढ झोपला होता. त्याच्या गळ्यातून चकार शब्द निघत नव्हता, आणि तरी तो हाका मारत होता.

तोंडातला फेस तसाच ठेवून ती आत धावली.

यामिनी मूळची गोंदियाची. पक्ष्यांच्या मेंदूवर काम करणाऱ्या बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत ती बरीच वर्षं होती. आई गेली आणि बाबूजी एकटे पडले, तेव्हा ती परत आली. घरी नुसतं बसून राहणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून तिने तलाव धरला. दिवसा बिजेटोला, संध्याकाळी गोंदियाचं घर; कधीमधी रात्रीचा मुक्कामही केंद्रातच. तिच्या संस्थेचं नाव ‘तळसोबती’, आणि संस्था म्हणजे ती स्वतः, ढिवर मच्छीमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष प्रभाकर दिघोरे, आणि ज्याला त्या दिवशी सवड असेल ती गावातली दोन-चार माणसं. जिल्ह्यात सारस बोटांवर मोजण्याइतके उरले होते. बिजेटोल्याला एक जोडी होती. आदल्या वैशाखात त्यातली मादी विजेच्या तारेवर आदळून मेली. नर दिवसभर तिच्याजवळ उभा होता. तो आता तलाव सोडून जातो की काय, या काळजीने यामिनीने वनखात्याच्या परवानगीने त्याला पकडलं आणि त्याच्या मानेखाली, पिसांच्या आत, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी चिकटवून सोडून दिलं. पट्टीने त्याचा ठावठिकाणा कळणार होता. आणखी एक गोष्ट पट्टी टिपायची, प्रयोगशाळेतली जुनी सवय म्हणून यामिनीने ती चालू ठेवली होती.

पक्ष्याचा आवाज आपल्यासारखा गळ्यात तयार होत नाही. श्वासनळी खाली जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे एक लहानसा अवयव असतो, त्याला शब्दिनी म्हणतात. तिच्याभोवतीचे बारीक स्नायू ताणले, सैलावले, की आवाज चढतो, उतरतो. सारसाची तर श्वासनळीसुद्धा साधी नसते. ती छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, म्हणून त्याची हाक दोन गावं ओलांडून जाते. झोपेत मेंदू दिवसभरातलं, कधी फार जुनंही, पुन्हा गिरवतो. तेव्हा शब्दिनीचे स्नायू हलतात, पण अगदी किंचित. आणि फुप्फुसांतून हवा सुटत नाही, म्हणून आवाज होत नाही. पट्टी ती हालचाल टिपायची, तलावात रोवलेल्या खांबावरच्या यंत्राकडे पाठवायची, आणि नसलेली हवा संगणक गणिताने भरून काढायचा. न मारलेली हाक मग ऐकू यायची.

प्रयोगशाळेत तिने असं चिमण्यांच्या झोपेत ऐकलं होतं. तिथे गाण्याचे तुकडे सापडत, मोडके, उलटसुलट. इथे मात्र तिला जे सापडलं त्याने ती खुर्चीत मागे टेकली. जागेपणी सारसाची जोडी एकत्र गाते. नर मान उंचावून एक लांब हाक देतो, आणि ती संपताच मादी दोन-तीन छोट्या हाका टाकते. हा झोपलेला नर आपली हाक देऊन थांबत होता. जेवढा वेळ तिला लागायचा बरोबर तेवढाच. मग पुढची हाक.

तो एकटा गात नव्हता. तिला जागा सोडून गात होता.

*

संध्याकाळी तिने ते बाबूजींना ऐकवलं. टेकचंद कटरे यांचं आयुष्य राईस मिलमध्ये गेलं होतं. यंत्राच्या धडधडीने त्यांचे कान केव्हाच मंदावले होते, आणि पत्नी गेल्यापासून ऐकण्यासारखं काही उरलं नाही अशा थाटात ते वागत. यामिनीने कानाला लावायचं यंत्र त्यांच्या डोक्यावर बसवलं, आवाज मोठा केला.

त्यांनी ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलं.

“हे मधात थांबते काहून?” त्यांनी विचारलं.

“तिथे मादीचा आवाज असायचा, बाबूजी. याच्या एका हाकेला तिच्या दोन-तीन.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उकललं. “असंच होतं आमच्या घरी,” ते म्हणाले. “मी एक बोलावं, तुह्या मायनं तीन ऐकवावे.” आणि ते हसले. आई गेल्यापासून यामिनीने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

*

‘शयनिका’ ही पुण्याची कंपनी गाद्या आणि उशा बनवायची. तिच्या नव्या उशांत बारीक ध्वनियंत्रं असत. झोपणाऱ्याच्या डोक्याच्या हाडातून आवाज आत पोहोचवणारी. नफ्यातला काही वाटा निसर्गसंस्थांना द्यायचा म्हणून कंपनीने एक विभाग काढला होता, आणि तो विभाग ईशान वर्तक सांभाळायचा. यामिनीचा एक छोटासा लेख वाचून फाल्गुनात तो बिजेटोल्याला आला. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला, बोलताना हाताची बोटं सतत चाळवणारा माणूस.

“मला झोप येत नाही,” त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. “झोप विकणाऱ्या कंपनीत आहे आणि मला झोप येत नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही.”

यामिनीने त्याला सकाळची नोंद ऐकवली. ऐकता ऐकता तो पाळीवरच्या मोहाच्या झाडाला टेकला, आणि टेकल्या टेकल्या झोपून गेला. ऊन पायांवर आलं तरी उठला नाही. शेवटी दिघोऱ्यांनी चहाचा कप त्याच्या नाकासमोर धरला.

“साहेब, गाद्या तुमच्या अन् झोप आमच्या तलावावर?”

ईशान दचकून उठला, आजूबाजूला पाहिलं, आणि लहान मुलासारखा गोंधळून हसला. “कितीतरी महिन्यांनी,” तो म्हणाला. “कितीतरी महिन्यांनी, हो.”

तिथून सगळं सुरू झालं. कंपनी सारसाची झोप आपल्या उशांतून ऐकवणार, आणि त्या बदल्यात तलावाचा सांभाळ करणार, असा करार झाला. जाहिरातीसाठी कंपनीने सारसाला ‘मेघ’ असं नाव ठेवलं. यामिनी त्याला नुसतं ‘तो’ म्हणायची.

पावसाळा सरेपर्यंत लाखो माणसं बिजेटोल्याच्या तलावाकाठी झोपू लागली. कुणी दिल्लीत, कुणी दुबईत, कुणी इस्पितळाच्या खाटेवर. डोळे मिटले की डोक्याच्या आत पाणी पसरायचं, दूरवर एक हाक उठायची, आणि हाकेनंतरच्या त्या रिकाम्या जागेत प्रत्येकजण आपलं कुणीतरी ठेवायचा. पत्रं यायची. मेलेल्या भावाबद्दल, सोडून गेलेल्या नवऱ्याबद्दल, लहानपणीच्या घराबद्दल.

इकडे तलावाच्या पूर्वेच्या तारा जमिनीखाली गेल्या. काठच्या धानावरची विषारी फवारणी थांबली, आणि कमी पिकलेल्या धानाची भरपाई कंपनीने केली. सारस जिथे घरटं करतात त्या देवधानाच्या, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणाऱ्या भाताच्या, पट्ट्यात जाळी टाकायची नाहीत असं ढिवरांनी ठरवलं, त्याबद्दल त्यांनाही मदत मिळू लागली. शेजारचे आणखी चार तलाव करारात आले. एक पक्षी झोपत होता, आणि त्याच्या झोपेवर पाच तलाव जगत होते.

बाबूजींना कंपनीची उशी यामिनीनेच आणून दिली. त्यांना झोप लागू लागली. सकाळी चेहरा टवटवीत दिसायचा. “काल आली होती,” ते कधीकधी चहा पिताना सांगायचे, “लाखोळीची भाजी कच्ची राहिली म्हणून बोलत होती.” यामिनीला बरं वाटायचं.

*

कार्तिकात स्वप्न विरळ होऊ लागलं.

आधी हाका कमी झाल्या. मग हाकांमधली शांतता आखडत गेली. तिच्यासाठी सोडलेली जागा दिवसेंदिवस लहान होत होती, जशी पाणी ओसरताना काठावरची ओल आक्रसते. कधी झोपेत तो बेडकाच्या मागे धावायचा, पायाचे स्नायू थरथरायचे, शब्दिनी गप्प असायची. तो विसरत होता. यामिनीला यात वावगं काही दिसलं नाही. नोंदी पाहताना तिच्या मनात एक हलका, न सांगता येण्यासारखा निवांतपणा यायचा.

ईशानचा फोन आला तेव्हा तो निवांत नव्हता.

“लोक उशा परत करतायत. संचालक विचारतात, पक्षी आजारी आहे का?”

“आजारी नाही. बरा होतोय.”

मग तो सावकाश म्हणाला, “यामिनीताई, झोपलेल्या माणसाच्या कानाशी ओळखीचा आवाज हळूच केला, तर त्या आवाजाची आठवण झोपेत पुन्हा जागी होते. यावर तुमच्याच क्षेत्रात काम झालंय ना?”

झालं होतं. माणसांवर, उंदरांवर. जागं करण्याइतका मोठा नाही, पण मेंदूपर्यंत पोहोचेल एवढा आवाज. आणि झोपलेला मेंदू जुनी वाट पुन्हा चालू लागायचा. जितक्यांदा चालायचा तितकी ती वाट ठळक व्हायची.

“तिच्या हाका तुमच्याकडे आहेत,” ईशान म्हणाला. “अपघाताच्या आधीच्या.”

यामिनीने विचार करायला वेळ मागितला. दिघोऱ्यांशी बोलली. ते म्हणाले, पक्ष्याला इजा होणार नसेल तर काय हरकत आहे. पाचही तलावांचं गाडं चालू राहील. बाबूजींशी ती बोलली नाही. पण अलीकडे सकाळी ते उशी हातात घेऊन बसायचे, तिला थोपटायचे, जणू आतलं काहीतरी अडकलंय. तेही तिने पाहिलं होतं. आणि ती सोडलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी ऐकायची तिला स्वतःलाही ओढ होती.

तिने पाण्यातल्या खांबावर एक लहानसा कर्णा बसवला. सारस झोपला की त्यातून मादीचा आवाज यायचा, वाऱ्याने देवधान सळसळावं इतका हलका.

आठवडाभरात स्वप्न परत आलं. पूर्वीपेक्षा भरघोस. हाक, उत्तर, हाक, उत्तर. संगणकाने दोन्ही आवाज एकत्र बसवले, की तलावात खरंच जोडी उभी आहे असं वाटायचं. ऐकणाऱ्यांची संख्या दुपटीवर गेली. ईशानने कळवलं की आता आणखी तलाव घेता येतील. बाबूजी जेवणाच्या ताटावर गाणं गुणगुणायला लागले.

*

चैत्राच्या सुरुवातीला एक तरुण मादी आली. बहुधा नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातून. पंखांवर अजून थोडी तांबूस झाक होती. ती तलावाच्या मधल्या उंचवट्यावर उतरली, पाणी प्यायली, आणि मान वर करून तिने हाका दिल्या. दोन छोट्या, मग थांबली.

नराने डोकं उचलून तिच्याकडे पाहिलं. पाळीवर यामिनी आणि दिघोरे पाहत उभे होते.

नर वळला आणि चालत खांबाकडे गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. मादी गवताची काडी चोचीत धरून उडवायची, पंख पसरून उड्या मारायची, त्याच्याभोवती गोल फिरायची. सारसांचं ते नाचणं पाहायला गावातली माणसं पाळीवर यायची. नर खांबापाशी जायचा, एक पाय उचलायचा आणि डोळे मिटायचा. आता तो दुपारीही झोपत होता. झोपला की कर्णा चालू व्हायचा, तशीच योजना होती. आणि कर्णा चालू झाला की स्वप्न यायचं. त्याला ते कळलं होतं, किंवा त्याच्या शरीराला कळलं होतं. कंदमुळं उकरायला तो पूर्वी तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा. आता खांबाभोवतीच्या चिखलात जे मिळेल तेवढं खायचा. त्याच्या छातीचं हाड दिसायला लागलं होतं.

त्या दिवशी यामिनी लवकर घरी गेली. भर दुपार होती. बाहेर ऊन रटरटत होतं, घरात पडदे ओढलेले. बाबूजी झोपले होते. ताटातला भात कडक झाला होता, आणि त्याच्या शेजारी सकाळचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

“बाबूजी.”

त्यांनी डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहायला त्यांना वेळ लागला. फार लांबून चालत यावं लागल्यासारखा.

“किती वेळ झोपलात?”

“उठलो होतो ना. मग पुन्हा पडलो.” ते उशी सारखी करत म्हणाले. “हिराभाऊ आला होता, चौकात चल म्हणे. म्या म्हटलं, उद्या.”

“हिराकाका गेल्या सोमवारी आले होते.”

“असन.” त्यांनी पुन्हा डोकं टेकवलं. “जा बेटा, दार लोटून घे. उजेड येते.”

यामिनी दारात उभी राहिली. त्यांच्या गालाची हाडं वर आली होती. पापण्यांच्या आत बुबुळं हलायला लागली होती, आणि ओठ हलत होते, आवाज न करता.

*

“बंद करायचं ठरवलंय,” तिने ईशानला फोनवर सांगितलं. “आधी तुम्हाला सांगतेय. आज संध्याकाळी.”

“एक पावसाळा थांबा. करार नव्याने होऊ दे, मग आपण हळूहळू...”

“सारसांची वीण पावसाळ्यात असते. ती मादी तोपर्यंत थांबणार नाही. अजून का थांबलीय तेच मला कळत नाही.”

ईशान म्हणाला, “मग दुसरा एक मार्ग आहे. जुनी स्वप्नं आपल्याकडे साठवलेली आहेत. तीच फिरवून लावू. कुणाला काही कळणार नाही, आणि तलावांची मदत चालू राहील.”

मार्ग सोपा होता. यामिनीने तो मनात फिरवून पाहिला. पाच तलाव, दिघोरे, बाबूजी, सगळे त्यात बसत होते.

“जुनी आहेत असं सांगून लावा,” ती म्हणाली. “तसं लावणार असाल तर माझी ना नाही.”

“असं सांगितलं तर कोण ऐकेल? लोकांना आत्ता, या क्षणी कुठेतरी कुणीतरी वाट पाहतंय, हे हवं असतं.”

“हो,” यामिनी म्हणाली. “आणि आपण त्याला वाट पाहायला लावतोय.”

दिघोऱ्यांना सांगणं अधिक कठीण होतं. ते नावेत बसून जाळं सोडवत होते. ऐकून घेतलं, आणि मान वर न करता म्हणाले, “कंपनी गेली तर माझ्या माणसांना मी काय सांगू, ताई? वर्ष होऊन गेलं, देवधानात कुणी जाळं टाकलं नाही. माझ्या शब्दावर टाकलं नाही.”

“माझं नाव सांगा, दिघोरेभाऊ.”

“ते तर दिसनच त्यांले.” त्यांनी जाळं बाजूला सारलं. थोडा वेळ ते खांबाकडे पाहत राहिले, तिथे उभ्या असलेल्या त्या वाळलेल्या पक्ष्याकडे. “बसा. मी तुमच्या बाजूनं नाही. पण खांबापाशी गाळ खोल हाय, चालत गेल्या तर तिथंच राहाल.”

सूर्य मावळतीला टेकला होता. तलाव पातळ गुळवण्यासारखा झाला होता, तांबूस आणि स्थिर. नाव जवळ आल्यावर सारस दोन पावलं मागे सरला, उडाला नाही. यामिनीने हात वर करून कर्णा सोडवला. तारा पाण्यात लोंबल्या, त्या तिने गोळा केल्या. दिघोऱ्यांनी नाव वळवली.

पाळीवरून ते पाहत राहिले. पक्षी खांबाशी परत आला. एक पाय उचलला, मान वळवली, डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा उघडले.

दिवसांमागून दिवस तो तसाच उभा होता. यामिनी केंद्रातच राहायला लागली. संगणकावर सकाळी काही नसायचं, नुसती सपाट रेघ. जगभरातल्या उशांतही तीच रेघ होती. ईशानने जुनी स्वप्नं लावली नव्हती. का लावली नाहीत, ते त्याने सांगितलं नाही. तक्रारी आल्या, शिव्या आल्या. एका बाईने लिहिलं, तुम्ही माझ्या मुलाला दुसऱ्यांदा मारलंत. यामिनी ते पत्र वाचून पाण्याच्या काठाशी जाऊन बसली आणि अंधारून येईपर्यंत उठली नाही.

मादी एक दिवस दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एका सकाळी ती तलावाच्या पलीकडच्या टोकाला चरताना दिसली, आणि तिच्यापासून बऱ्याच अंतरावर, चिखलात चोच खुपसून, तो होता.

त्यांच्यातलं अंतर कमी होताना पाहणं म्हणजे सावली सरकताना पाहणं होतं. पाहत असताना काही घडायचं नाही. चहा करून परत आलं की घडलेलं असायचं. ज्येष्ठाच्या शेवटी, ढगाळ पहाटे, मादीने मान उंचावून दोन हाका टाकल्या. नर खात होता. त्याने चोच पाण्यातून काढली, पाणी ठिबकू दिलं, आणि हाक दिली. सुरुवातीला घोगरी, गंजलेली. त्याने पंख थोडे उचलले आणि पुन्हा दिली. या वेळी ती तलावावरून, धानाच्या बांध्यांवरून, सडकेवरून पार निघून गेली. मादीचं उत्तर वेगळ्या चालीचं होतं, जरा घाईचं; दोघांचं जमायला वेळ लागत होता. ते चुकत होते, थांबत होते, पुन्हा सुरू करत होते.

दिघोऱ्यांनी डोक्यावरचा गमछा काढला, तोंड पुसलं आणि कामाला निघून गेले.

*

‘शयनिका’ने ते प्रसारण बंद केलं. बिजेटोल्याच्या राहिलेल्या तारा जमिनीखाली घालून द्यायचं मात्र ईशानने भांडून मंजूर करून घेतलं. बाकीच्या चार तलावांचा करार संपला. त्यातल्या दोन गावांनी आपापल्या सोसायट्यांच्या बळावर नियम चालू ठेवले. उरलेल्या दोन गावांना ते जमलं नाही. तिथे देवधानात जाळी परतली, आणि त्या वर्षी तिथे उतरलेली सारसांची एक जोडी घरटं न करताच उडून गेली. यामिनी त्या तलावांवर दर पंधरवड्याला जायची. कुणी तिला बसा म्हणायचं नाही. तरी ती जायची.

ईशानचा एकदा आवाजी निरोप आला. “झोप येत नाहीये. पण तुमच्यावर राग नाही. घरटं झालं तर कळवा.”

बाबूजींनी तिला फक्त एवढंच विचारलं होतं, “तू बंद केलं?” ती हो म्हणाली होती. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. उशी त्यांनी कपाटात ठेवली नाही, टाकलीही नाही. खाटेवर तशीच ठेवून ते खाली चटईवर झोपायला लागले. झोपत नव्हते खरं तर. आवाज न करता घरात फिरायचे. एकदा यामिनीने त्यांना स्वयंपाकघरात आईच्या डब्यांची झाकणं एकेक करून उघडताना पाहिलं. हळद, मोहरी, लाखोळीची डाळ. ते वास घेत होते, आणि रडत होते. मोठ्याने, एखादं मूल रडावं तसं. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. यामिनी त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी तिला दूर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते हिराभाऊंबरोबर चौकात जाऊन आले.

आश्विनात एका सकाळी ते स्वतःच गाडीत येऊन बसले. “चल, दाखव तुहा पक्षी,” म्हणाले, आणि सगळी वाट धानाच्या लोंब्यांकडे पाहत राहिले.

तलाव कमळांनी भरला होता. पाळीवरच्या मोहाखाली यामिनीने सतरंजी अंथरली. समोर, काठाजवळच्या उथळ पाण्यात, सारसांची जोडी चरत होती, आणि दोघांच्या मधोमध एक पिल्लू. दालचिनीच्या रंगाचं, लुकडं, पायांवर धड उभं न राहणारं. थोड्या वेळाने ते चरून थकलं, गवताच्या ढिगावर बसलं आणि त्याची मान कलंडली. मादीने त्याच्यावर सावली येईल अशी जागा धरली.

बाबूजी डोळ्यांवर हात धरून पाहत होते. “याले झोपेत काय दिसत असन?”

कंपनीच्या पट्ट्या अजून केंद्रात पडून होत्या, पिल्लांना चालतील अशा, आणखी पातळ. नराच्या मानेखालची जुनी पट्टी पिसांबरोबर गळून पडली होती आणि यामिनीने नवी लावली नव्हती.

“माहीत नाही, बाबूजी.”

“हं.” त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. मग त्यांनी चपला काढल्या, सतरंजीवर आडवे झाले, गमछा तोंडावर ओढला आणि बघता बघता त्यांना झोप लागली.

वारा पडला होता. पाण्यावर कमळाची पानं एकमेकांना घासत होती. यामिनी त्यांच्या शेजारी गुडघे जवळ घेऊन बसली होती. थोड्या वेळाने गमछ्याखाली त्यांचा श्वास बदलला. ते काहीतरी पुटपुटले. एक शब्द, मग थांबले. कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखे. मग पुन्हा.

नाव ओळखीचं वाटत होतं. आणखी थोडं वाकलं असतं, तर नीट ऐकू आलं असतं.

ती उठली. चपला हातात घेतल्या आणि सुकी पानं वाजणार नाहीत अशी पावलं टाकत, बाबूजींचा आवाज पोहोचणार नाही इतकी दूर पाळीवरून चालत गेली.